आईची सही

आई गेली त्या रात्री साडेदहाच्या सुमाराला मोठ्या भावानं मला बाजूला बोलावलं आणि पेपरला द्यायची बातमी तू लिही म्हणाला, घरात मराठी बरं लिहिणारी तूच. आमच्या बेळगावकडं ही चार ओळींची निधनवार्ता फार महत्त्वाची, सकाळी पेपर उघडला की लोक आधी ते पान बघतात, रक्षाविसर्जन किती वाजता ते वाचतात आणि मग पुढच्या कामाला लागतात. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वहीच्या पानावर लिहिलं, अमक्या गावच्या रहिवासी श्रीमती अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन झाले, त्यांच्या पश्चात दोन चिरंजीव, एक विवाहित कन्या, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. लिहून झालं आणि वय किती लिहायचं इथं मी अडकले.

आधार कार्डावर 1-1-1949. रेशन कार्डाचा हिशोब केला तर तीन वर्षांनी जास्त. मतदान कार्डावर तिसरंच. भाऊ म्हणाला 75 लिही, लोक काय मोजायला बसणार आहेत काय. लिहिलं 75. पण बातमी पाठवल्यावर मला झोप लागली नाही. चार ओळी मी परत परत वाचत होते, त्यात आमचे सगळे होते, चिरंजीव होते, कन्या होती, जावई होते, आणि आई कुठंच नव्हती. ती कोण होती याचं एक अक्षर नाही. त्या रात्री मनात आलं की वर्षश्राद्धापर्यंत आईचं नीट काहीतरी लिहून काढायचं, छोटं पुस्तक करायचं, घरापुरतं. हे करताना काय काय झालं ते आता लिहितेय, दोन वर्षं होऊन गेली पण मनातून जात नाही.

2023 चा ऑगस्ट होता. पहिले बारा दिवस काही सुचण्यासारखे नसतात, माणसं येतात, चहा होतो, परत तेच सांगावं लागतं, पहाटे श्वास लागला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची म्हणून धाकटा भाऊ पळत होता. मी एकच काम केलं, मोबाईल बदलायच्या आधी आईचे व्हॉट्सअपवरचे व्हॉइस मेसेज वेगळे काढून ठेवले. माझ्या भाचीनं तिला शिकवलं होतं, ते माईकचं बटण दाबून धर आणि बोल म्हणून. तीनच निघाले. सगळ्यात मोठा 19 सेकंदांचा. "जेवलीस काय गं? मी आता गुरांना घालून आलो बघ. पाऊस लई हाय, तू येऊ नको." आमच्याकडं बायका मी आलो, मी गेलो असंच म्हणतात, आईपण तसंच. ते 19 सेकंद मी किती वेळा ऐकले सांगता येणार नाही.

तेराव्यानंतर आम्ही तिघांनी मिळून तिची ट्रंक उघडली. दोन इरकली लुगडी, एकाला डांबराच्या गोळ्यांचा वास, देवीचा भंडारा बांधलेली कागदाची पुडी, रिकामी चंची, आणि अगदी तळाला चुंबळ. डोक्यावर बुट्टी ठेवायला जुन्या लुगड्याची वळलेली चुंबळ, बाजार सोडून तिला पंधरा वर्षं झाली तरी जपून ठेवलेली. हातात घेतली तर अजून गोल, घट्ट, मधे डोक्याच्या आकाराचा खोलगट भाग, आणि तेलाचा डाग पडून तिथलं कापड कडक झालेलं. मोठा भाऊ कधी रडत नाही, तो ती चुंबळ हातात घेऊन बाहेर ओसरीवर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

चुंबळीखाली प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद होता, स्टँपपेपर, पूर्ण कन्नडमध्ये, मागं सबरजिस्ट्रार ऑफिसचे शिक्के. आमच्या पिढीचं तिघांचंही शिक्षण मराठी शाळेत, कन्नड बोलायला तोडकंमोडकं येतं, अक्षरं मात्र बसच्या पाटीपुरती. शेवटच्या पानावर दोन अंगठे होते आणि एक मराठीतली सही. सही बघून भाऊ म्हणाला साक्षीदाराची असणार, आई कुठं सही करत होती. खरंच, आईला आम्ही सगळ्या कागदांवर अंगठाच देताना बघितलेलं, बँकेत, रेशनला, सोसायटीत, सगळीकडं.

तो कागद मी घरी आणला आणि आठवडाभर टेबलावर पडून होता. माझा मुलगा तेव्हा दहावीला, इंग्रजी मीडियममध्ये, कन्नड त्याला शाळेत पहिल्यापासून आहे. एका रविवारी त्याला म्हटलं बघ बरं वाचून काय आहे ते. तो वाचायला लागला, खानापूर तालुका, अमुक गाव, सर्व्हे नंबर, आजोबांचं नाव, आणि मग थांबला. म्हणाला, मम्मी, इथं आज्जीचं नाव दुसरंच आहे गं. आधी एक नाव आहे, मग उर्फ, मग आज्जीचं नाव.

मी त्याला परत वाचायला लावलं. त्यानं अक्षरावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मग मी शेवटचं पान उलटलं आणि ती मराठी सही बघितली. चार अक्षरं. प्रत्येक अक्षर सुटं, प्रत्येकाला आपली वेगळी रेघ, शेवटच्या अक्षराची वेलांटी उलट्या बाजूनं वळवलेली. तेच नाव होतं. ती सही आईची होती.

माझं वय त्यावेळी 51. एकावन्न वर्षं मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं.

आता कुणी म्हणेल असं कसं होईल. पण होतं. माहेरी ती सगळ्यात थोरली, त्यामुळं मामा, मावशी सगळे आक्का म्हणायचे, त्यांची पोरं पण आक्का. सासरी आल्यावर ताटातल्या तांदळात अंगठीनं जे नाव लिहिलं ते तिचं झालं, आणि आजी-आजोबा आमच्या लहानपणीच गेलेले. माझंही नाव लग्नात बदललंय. पण माझ्या माहेरच्या नावानं हाक मारणाऱ्या मैत्रिणी आहेत, ग्रुप आहे, दहावीचं सर्टिफिकेट आहे. आईचं नाव मात्र त्या एका कागदावर होतं आणि तो कागद तिनं माहेरच्या जमिनीतला हिस्सा भावांना सोडून दिला त्याचा होता, 1978 चा हक्कसोड. हिस्सा सोडून दिल्याबद्दल मी इथं काही म्हणणार नाही, तिच्या वेळच्या सगळ्याच बायकांनी सोडला आणि भावांनी साडीचोळी केली. पण सोडताना तिनं अंगठा दिला नाही, सही केली, एवढं मला दिसतं.

नाव मी इथं लिहीत नाही. ते आमच्या घरातलं आहे.

त्यानंतर पुस्तकाचं काम वेगळंच झालं. आधी माझ्या डोक्यात होतं की सगळ्यांकडून आठवणी गोळा करायच्या आणि टाइप करायच्या. ग्रुपवर मेसेज टाकला, आक्काच्या आठवणी पाठवा. वीसेक जणांनी पाठवल्या, सगळ्या सारख्याच, फार प्रेमळ होती, हाताला चव होती, कुणाला उपाशी पाठवलं नाही. खोटं काही नाही त्यात, पण यातून माणूस दिसत नाही. मग मी पद्धत बदलली, घरोघरी गेले आणि एकेक वस्तू काढून विचारायला लागले. ती चुंबळ पिशवीतून काढून समोर ठेवायची आणि गप्प बसायचं. लोक आपोआप बोलायला लागायचे. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून फोन उलटा ठेवायचा, समोर दिसला की म्हातारी माणसं सावरून बसतात आणि पेपरातल्यासारखं बोलतात.

धाकटी आत्या चुंबळ बघून म्हणाली, ही तुझ्या बापाच्या हाताला लागलं त्या वर्षाची. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत कामाला होते, उजव्या हाताची तीन बोटं गेली, आठ महिने घरी. तोपर्यंत आई शेतातच असायची, बेळगावचा बाजार तिला ठाऊक नव्हता. आमचं गाव पश्चिमेला मार्कंडेय नदीच्या अंगाला, भात, रताळी, बटाटे, मधल्या दिवसात भाजी. आत्या सांगत होती, पहिल्या दिवशी तिनं मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या पेंड्या बुट्टीत रचल्या, वर ओलं फडकं टाकलं आणि दारातून दोनदा परत आली. तिसऱ्यांदा गेली ती 2008 पर्यंत जात राहिली.

1986 च्या जूनमधलं कन्नडसक्तीविरोधी आंदोलन मला स्वतःला थोडं आठवतं, मी चौदा वर्षांची, गावोगावी पोलीस, गोळीबारात माणसं गेली, हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. मला आठवतं ते दार लावून बसलेलं. आईचं त्या दिवसाचं मला आत्याकडून कळलं. ती पहाटेच बुट्टी घेऊन शहरात गेलेली आणि बस बंद झाल्या. ती बांधाबांधानं चालत रात्री नऊला घरी पोचली, बुट्टी डोक्यावर तशीच, भाजी सगळी सुकलेली. आत्या म्हणाली, आम्ही म्हटलं अगं टाकून यायची नव्हं ती, तर म्हणाली टाकलं तर गुरांनी काय खायचं.

बुट्टी, गुरं, कर्ज, सोसायटीचे हप्ते, हे सगळं पुस्तकात घालायचं की नाही यावर दोघा भावांत आणि माझ्यात चांगलंच वाजलं. मोठा म्हणाला मंगळसूत्र गहाण टाकल्याचं लिहू नको, लोक काय म्हणतील. मी म्हटलं तिनं ते सोडवून आणलं तेही लिहिणार आहे. दोन महिने आम्ही नीट बोललो नाही. शेवटी तोच एका रात्री फोन करून म्हणाला, सोडवून आणलं त्या दिवशी मी बरोबर होतो, मी सांगतो, तू लिहून घे. सराफानं ते कागदावर ठेवलं, आईनं तिथंच दुकानात गळ्यात घातलं आणि पदर वर ओढून घेतला, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्याच्याच शब्दांत ते छापलंय.

शहापूरला एका गल्लीत आईचं बावीस वर्षांचं गिऱ्हाईक होतं, त्या काकू आता ऐंशीच्या पुढच्या. घर शोधायला अर्धा दिवस गेला. मी आईचं नाव सांगितलं तर ओळखलं नाही, मग "मेथीवाली" म्हटल्यावर हात धरूनच आत नेलं. त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आई उधारीचा हिशोब दाराच्या चौकटीवर चुन्याच्या रेघांनी ठेवायची हे मला ठाऊक होतं. काकू म्हणाल्या, भाजी संपली की ती आमच्या पायरीवर बसायची आणि पेपर मागून घ्यायची. वाचायची की नुसती बघायची मी कधी विचारलं नाही, पण तिचे ओठ हलायचे.

तोपर्यंत ती सही एवढंच लिहिता येत होतं असं मी धरून चालले होते. त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मी सगळा रस्ता ओठ हलायचे, ओठ हलायचे हेच मनात म्हणत होते. आमच्या घरात रोज पेपर यायचा. आईनं आमच्यासमोर तो कधी हातात घेतला नाही.

मग माहेरची शाळा. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला ते गाव, पावसाळ्यात चार महिने नुसतं पाणी, छपरावरून, अंगणातून, वाटेतून. डिसेंबरात गेले, मावशीला बरोबर घेतलं. शाळेतल्या गुरुजींना अर्ज लिहून दिला, वारस असल्याचा कागद नव्हता म्हणून परत यावं लागलं, दुसऱ्या खेपेला सगळं घेऊन गेले. त्यांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, पानं पिवळी होऊन कडा तुटायला लागलेल्या, ते पान उलटताना खालून दुसरा हात लावत होते. सासरच्या नावानं तर काही सापडणारच नव्हतं. ते चार अक्षरी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, आणि पंधरा मिनिटांत ओळ सापडली. दाखल 1951. जन्मतारीख 1-6-1944. इयत्ता तिसरीत नाव कमी केलं, 1954, कारण सतत गैरहजर.

गुरुजी म्हणाले बाई, तारखेवर जाऊ नका, हे पान बघा, अर्ध्या पोरांची 1 जूनच आहे, पोर दिसायला केवढं ते बघून मास्तर तारीख घालायचे. पण साल धरायला हरकत नाही म्हणाले. म्हणजे आई 79 ची होती. पेपरात आम्ही चार वर्षं कमी छापली.

सतत गैरहजर का ते मावशीनं बाहेर पायरीवर बसून सांगितलं. मावशीचा जन्म 1953 चा. थोरलीला घरी ठेवून घेतलं ते मला सांभाळायला, ती म्हणाली, आणि पुढं बोलली नाही. मी पण बोलले नाही. आम्ही दोघी तिथं बराच वेळ बसून होतो, शाळा सुटली, पोरं आमच्याकडं बघत गेली.

परतताना मावशी म्हणाली, आक्काची एक मैत्रीण हाय अजून, जायचं काय. गावाच्या वरच्या अंगाला घर, दारात नाचणीच्या कणसांचा ढीग, आणि तिथं बसून एक म्हातारी कणसं बडवत होती. मावशीनं सांगितलं ही आक्काची लेक. म्हातारीला आक्का म्हणजे कोण कळेना. मी ते चार अक्षरी नाव घेतलं, शाळेतली चौकशी सोडली तर आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणासमोर मोठ्यानं घेतलं, आणि तिनं हातातली काठी खाली ठेवली.

आई गेलेली तिला ठाऊक नव्हतं. चार महिने झाले होते, कुणी सांगितलं नव्हतं, कारण ही दोघींची मैत्री होती हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

तिच्याकडून दोन तासांचं रेकॉर्डिंग मिळालं. दोघी एका दिवशी शाळेत गेल्या, दोघी पाठोपाठ सुटल्या, मग म्हशी राखायला एकत्र. 1956 च्या जानेवारीत बेळगावात गोळीबार झाला त्या दिवशी हिचा बा लाकडाची गाडी घेऊन बेळगावला गेला होता, दोन दिवस आला नाही, आणि दोघी सांजपर्यंत वाटेवर बसून होत्या. "तुझी आई मला म्हणायली, बा नाही आला तर तू आमच्या घरी ऱ्हा, आमच्यात आणखी एकीनं काय होतंय." साडेअकरा वर्षांची होती आई तेव्हा. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, ते मोठं झाल्यावर कळलं म्हणाली, म्हशी त्याच होत्या आणि माळ तोच होता.

म्हशी राखताना आई तिला पाटीवरचं शिकवायची. हिला शाळेतलं काही आलं नव्हतं, आई ओल्या मातीत काठीनं अक्षरं काढायची, आधी स्वतःचं नाव, मग हिचं. मी विचारलं तुम्हाला येतं काय लिहायला अजून. म्हणाली मला न्हाई, पण तिचं दिसलं तर वळखीन. आणि मग म्हणाली, दर दिवाळीला तुझ्या मामाजवळ सांगावा धाडायची, माझ्या घरी ये एकदा म्हणून. सासू, पोरं, गुरं, मग गुडघे. माझं काय जाणं झालं न्हाई बघ.

पुस्तक जूनमध्ये छापायला दिलं. चाळीस पानं, दीडशे प्रती. डीटीपीवाल्या पोरानं सहीचा फोटो घेऊन शिक्क्याची शाई तेवढी काढून टाकली, वेलांटी सरळ करू काय म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. मुखपृष्ठावर फोटो घातला नाही, ती सहीच मोठी करून घातली आणि खाली सासरचं नाव. नातवंडांतल्या निम्म्यांना मराठी भरभर वाचता येत नाही, हे मला लागतं पण आहे ते आहे, म्हणून सगळं पुस्तक मोठ्यानं वाचून रेकॉर्ड केलं, सव्वा तास झालं. हक्कसोडाचा भाग माझ्या मुलानं वाचलाय, कन्नड आधी आणि मराठी नंतर.

वर्षश्राद्धाला घर भरलं. गरगट्टं, नाचणीची भाकरी, कारळ्याची चटणी, तिला आवडायचं ते सगळं वहिनींनी केलं होतं. अकराच्या सुमाराला फाट्यावर बस थांबली आणि नातीच्या खांद्याला धरून ती खानापूरची म्हातारी उतरली. मी नुसता निरोप दिला होता, येईल असं वाटलं नव्हतं. दोन बस बदलून आली होती.

ओसरीवर टेकल्यावर मी तिच्या हातात पुस्तक दिलं. तिनं ते उलटं धरलं होतं, मी सरळ केलं. तिनं बोट सहीवर ठेवलं, पहिल्या अक्षरावरून शेवटच्या अक्षरापर्यंत हळूहळू नेलं, त्या उलट्या वेलांटीवर थांबली. मग आत सोप्यात लावलेल्या फोटोकडं बघून तिनं त्या नावानं हाक मारली, शेतातल्या माणसाला मारतात तशी, मोठ्यानं. जेवणाच्या पंगतीतले सगळे गप्प झाले.

"आलो बघ गं," ती म्हणाली. "आलो तुझ्या घरी."